पुसलेलं श्री

आमच्या घरातल्या कपबश्या दिवसभर वाजायच्या. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. विमान उतरायला लागलं की आधी खिडकीची काच थरथरायची, मग शोकेसमधले कप, मग फ्रिजवरचा गणपती, आणि चाकं धावपट्टीला टेकली की सगळं पुन्हा जागच्या जागी. तेवढा वेळ बोलणाऱ्याने बोलणं थांबवायचं, ऐकणाऱ्याने थांबून राहायचं आणि आवाज विरला की वाक्य जिथे सोडलं तिथून उचलायचं, अशी आमच्या बिल्डिंगची रीतच होती. भांडणंसुद्धा तशीच व्हायची. आई बाबांना म्हणायची, "तुम्ही कधी म्हणजे कधी..." आणि वरून विमान. आवाज थांबेपर्यंत बाबा बाथरूममध्ये. अजूनही मी बोलता बोलता मध्येच गप्प होते आणि वर बघते. पुण्यातल्या लोकांना वाटतं, बाई विसरल्या. विसरलेली नसते मी, विमान जायची वाट बघत असते.

ते दिवस वर्ल्ड कपच्या तयारीचे. वर्ल्ड कप अजून कितीतरी वर्षं लांब होता, पण पाहुणे उद्याच टपकणार असल्यासारखं सगळं दोहा उकरून ठेवलं होतं. शाळेची बस रोज नव्या रस्त्याने जायची, कारण कालचा रस्ता आज जागेवर नसायचा. बाबा मैदानं थंड ठेवण्यासाठी पाइप टाकणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. आई म्हणायची, "मैदानाला एसी लावताय आणि माझ्या स्वयंपाकघरात साधा एक्झॉस्ट चालत नाही." बाबांचं उत्तर ठरलेलं, "बसवू, इन्शाल्ला." बाबांच्या तोंडचं इन्शाल्ला म्हणजे नाही, हे मला चौथीतच कळलं होतं. आणि या सगळ्यावर डांबराचा वास. कुठे ना कुठे रस्ता तयार होतच असायचा, आणि तो गरम, काळा वास खिडक्या लावल्या तरी एसीतून घरात यायचा. मला आवडायचा तो, खोटं कशाला बोलू. पण समोरच्या फ्लॅटमधल्या अप्पम्माला तो अजिबात सोसायचा नाही. वास आला की ती उठून दाराखालच्या फटीत ओला टॉवेल सारायची आणि मग बेसिनशी जाऊन हात धुवायची. हात कशाला, हे मला कोडंच होतं. वास नाकाला येतो, हाताला नाही.

अप्पम्मा म्हणजे तमिळमध्ये वडिलांची आई. हा शब्द खरा तिच्या नातवाचा, पण नातू आपल्या आईबरोबर टोरांटोला, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. तिचा मुलगा, आमचे रवी अंकल, बाबांच्याच कामावर क्वांटिटी सर्व्हेयर होते, जाफन्याचे. बायको-मुलाला पुढे पाठवून हे मागे राहिले होते, आणि जाफन्याच्या रिकाम्या घरात एकटी राहते म्हणून आईला त्यांनी इथे आणली होती. आई माझी लांब गराफा भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची, तिला यायला उशीर व्हायचा, त्यामुळे माझ्या दुपारी अप्पम्माकडे जायच्या. ती ठेंगणी, काळीसावळी, पांढऱ्या केसांची घट्ट गाठ घातलेली, आणि अंगावर सोनं म्हणाल तर कानातलंसुद्धा नाही. पहिल्यांदा तिला बघून आल्यावर आई म्हणाली, "बाई अगदी लंकेची पार्वती आहे गं." मी विचारलं, "विच लंका?" मी तेव्हा मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर द्यायचे, त्यावरून घरात रोज वाद. आई म्हणाली, "रावणाची. दुसरी कुठली असते?" आमच्या घरी त्या देशाबद्दलचं ज्ञान तेवढंच होतं. लंका सोन्याची होती आणि मारुतीने ती जाळली, पुढचं कोणी विचारलं नव्हतं.

अप्पम्मा मात्र लंका म्हणायची नाही. सिलोन म्हणायची. मिशनच्या शाळेत शिकलेलं तिचं इंग्रजी माझ्या टीचरपेक्षा स्वच्छ होतं, आणि त्यात सारखं सिलोन यायचं. आमच्या सिलोनला आंबे असे, आमच्या सिलोनला विहिरी तशा. नाशिकच्या आजोबांना फोनवर हे सांगितलं तर ते खूश. "सिलोन," ते म्हणाले, "अगं आमच्या लहानपणी रेडिओवर लागायचं ते." त्यांच्या लेखी सिलोन म्हणजे गाणी. खाली नातूरला, म्हणजे आमच्या सुदानी वॉचमनला, विचारलं तर तो म्हणाला, त्याच्या आजीच्या गोष्टींत त्या बेटाचं नाव सरनदीब होतं, तिथे माणिकं रस्त्यात पडलेली असतात. एवढ्याशा बेटाला माणशी एक नाव, याची मला मोठी मौज वाटायची.

संध्याकाळी ती चहा करायची. बिनदुधाचा, लालभडक, आणि साखर नाहीच. तळहातावर ताडगुळाचा खडा ठेवायचा, तो जिभेने चाटायचा आणि वर चहाचा घोट. मलाही तसाच द्यायची. आईला कळलं तेव्हा म्हणाली, "हात चाटत चहा पितेस? शाब्बास." पण मला त्याच्याइतकं चांगलं आजवर काही लागलेलं नाही. अप्पम्मा आपला कप भरायची, माझा भरायची, आणि मग तिसरा भरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. त्याच्याशेजारी ताडगुळाचा खडा. त्या खिडकीतून धावपट्टी दिसायची. विमान आलं की चहावर बारीक लाटा उठायच्या. अप्पम्मा डोळे बारीक करून बघायची आणि मला विचारायची, "उतरले का?" मी म्हणायची, "उतरले." विमान उतरलं का, असं ती कधी विचारायची नाही, माणसं उतरली का, असं विचारायची. थोड्या वेळाने खालून कामगारांच्या बस जायच्या, खिडक्यांना डोकी टेकलेली, कोणी नेपाळचा, कोणी बिहारचा, आणि ती प्रत्येक बस वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. मग तिसरा कप बेसिनमध्ये ओतायची. कोणासाठी, हे मी विचारलं नाही. तिच्या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे पोरांना न सांगता कळतं. खरं सांगायचं तर मला त्या कपाची भीती वाटायची, आणि रोज त्याच्याकडे बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

त्याच वर्षी शाळेत वर्ल्ड कपच्या निमित्ताने प्रत्येकीला एकेक देश दिला. पोरींना ब्राझील, जपान असे मिळाले आणि मला श्रीलंका, जिचा फुटबॉलशी संबंध औषधापुरताही नाही. मी रागारागाने मोठा निळा कागद आणला, बेट काढलं, वर चमकीने इंग्रजीत नाव लिहिलं आणि अप्पम्माकडे नेला. तिने नकाशा नीट पाहिला. जाफन्याचं टोक मी फार जाड काढलं होतं, ते तिने बारीक करायला लावलं. मग रात्रभर वाळायला म्हणून कागद तिच्याकडेच ठेवला. दुसऱ्या दिवशी गेले तर तो भिंतीकडे तोंड करून उभा. मी विचारलं तर म्हणाली, "चमकी धुळीने जाईल." रवी अंकल ऑफिसातून आले, त्यांनी तो कागद पाहिला, आपल्या आईकडे पाहिलं, आणि हळूच मला म्हणाले, "मीनू, उद्यापासून हा तुझ्या घरी ठेव हं." तिकडच्या सरकारने उरल्यासुरल्या कचेऱ्यांवरूनही सिलोन काढायचं ठरवलंय, असंही त्यांनी बाबांना नंतर सांगितलं. राहणार ते चहाच्या डब्यावर. बाबा म्हणाले, "आमच्याकडेही मुंबईचं झालंच की. होते सवय." रवी अंकल हसले आणि म्हणाले, "होते. माझी झाली. आईची नाही होणार."

आता ही सवय न होणं नुसतं बोलण्यापुरतं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण अप्पम्माचा पासपोर्ट संपत आला होता. पासपोर्ट नाही तर आरपी, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नाही, आणि आरपी नाही तर खलास, देश सोडायचा, हे गल्फमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नव्या पासपोर्टासाठी तिने स्वतः वकिलातीत जायला हवं होतं, आणि ती आज डोकं दुखतं, उद्या वारा आहे, परवा अमावास्या, असं करत महिनोन्महिने टाळत होती. आरपीचा शेवटचा आठवडा आला. रवी अंकल आमच्याकडे येऊन बसले. एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी हातातली किल्ली सारखी फिरवत होता. म्हणाले, "ती परत गेली तर त्या घरात एकटी राहील. आजूबाजूला कोणी उरलेलं नाही. पडली तर कळणारही नाही मला." मी पलीकडे गृहपाठ करत होते. अप्पम्मा जाणार, हे ऐकून मी पेन्सिल खाली ठेवली. मला आजी म्हणावं अशी जवळ दुसरी कोणी नव्हती. आई उठली, पाणी आणलं आणि म्हणाली, "रवीभाई, रविवारी मी येते बरोबर. मी नेते त्यांना. माझं ऐकतील." आईचा स्वतःवर असा दांडगा विश्वास होता.

नेमकी त्याच आठवड्यात रवी अंकलनी नवी गाडी घेतली होती. जुनी रस्त्यातल्या खड्ड्यांनी मोडली, म्हणून ही पांढरी. शनिवारी आईने ती खाली बघितली आणि वर येऊन बाबांवरच खेकसली. "नवी गाडी आणि साधं हळदकुंकू नाही? तशाच कोऱ्या गाडीतून म्हातारीला एवढ्या मोठ्या कामाला नेणार?" बाबा म्हणाले, "त्यांच्यात असेल-नसेल." आई म्हणाली, "हिंदूच आहेत ना? मग?" संपलं. आमच्या बिल्डिंगमध्ये मल्याळी, बंगाली, ज्याची नवी गाडी येईल तिची पूजा आईने केली होती, न बोलावता. रविवारी उजाडता उजाडता ती ताट घेऊन पार्किंगमध्ये उतरली. इथे उघड्यावर घंटा-बिंटा वाजवून चालत नाही, म्हणून सगळं गुपचूप. चाकांखाली लिंबं, नारळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फोडायचा म्हणजे नातूरची कटकट नको. आणि मग चित्रकलेच्या बाईचा हात तो. कुंकू पाण्यात कालवून तिने बॉनेटवर, नंबरप्लेटच्या बरोब्बर वर, असं एक श्री काढलं की बघत राहावं. वळणदार, टपोरं, वरची वेलांटी मोराच्या मानेसारखी. मी ताट धरून उभी होते. आईच्या अक्षराचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला होता.

अप्पम्मा आली ती तयार होऊन. क्रीम रंगाची साडी, हातात पर्स. आईने आदल्या संध्याकाळी तिच्याशी काय बोलणं केलं कोण जाणे, पण ती कुरकुर न करता लिफ्टमधून उतरली. रवी अंकल मागे कागदांची पिशवी घेऊन. तिने लिंबं पाहिली, हसली. ताटाला हात जोडले. मग तिची नजर बॉनेटवर गेली. "किती सुंदर काढलंय," ती मला म्हणाली, "हे कुठलं अक्षर?" मी सांगितलं, "श्री."

मला वाटलं ती पडणार. पडली नाही. पर्स खाली ठेवली, गाडीजवळ गेली आणि पदराने ते अक्षर पुसायला लागली. कुंकू ओलं होतं. पुसलं जाईना, पसरायला लागलं, पांढऱ्या पत्र्यावर लालच लाल. मग तिने पदर सोडून हातांनी सुरुवात केली, नखांनी. रवी अंकल "अम्मा, अम्मा" करत तिचे हात धरायला गेले, तर तिने ते झटकले. वरून विमान चाललं होतं, त्यामुळे ती काय बोलतेय ते कोणालाच ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते. विमान टेकलं तेव्हा ती हात समोर धरून उभी होती. दहाही नखांत लाल. ती नखांकडे बघत होती आणि म्हणत होती, "मी नाही जाणार. या हातांनी मी त्यांच्या दारात नाही जाणार."

आईचा चेहरा मला आठवतो, मांजरीच्या पिल्लावर चुकून पाय पडावा तसा. तिने अप्पम्माला खांद्याला धरून बिल्डिंगच्या पायरीवर बसवलं, स्वतः खालच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "विचार त्यांना, माझं काय चुकलं." मग अप्पम्मा बोलली. तिचं भरभर इंग्रजी आईला झेपेना, म्हणून मी मराठीत सांगत गेले. जन्मात पहिल्यांदा मी सलग एवढं मराठी बोलले असेन. टार शब्दाला मला मराठी सापडेना, मी रस्त्याकडे बोट केलं. आई म्हणाली, "डांबर." मी म्हटलं, "हां, डांबर."

अप्पम्मा माझ्याएवढी होती तेव्हाची गोष्ट. सिलोनमध्ये कायदा झाला की प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर आकड्यांबरोबर एक अक्षर हवं. श्री. ते सिंहली लिपीतलं. जाफन्यात सगळे तमिळ, तिथे सरकारी बसगाड्या ते अक्षर लावून आल्या. "अक्षर वाईट नाही," ती म्हणाली, "आमच्या देवळातही तोच शब्द आहे. पण ते आमच्या लिपीत नाही, त्यांच्याच लिपीत हवं, असं बजावून लावलं होतं. या देशात कोणाचं चालणार, ते आता गाडीवर लिहून फिरणार होतं." गावातली पोरं डबा आणि ब्रश घेऊन निघाली आणि त्या अक्षरांना डांबर फासत सुटली. त्यात तिचा थोरला भाऊ. अण्णा. आई मध्येच म्हणाली, "अण्णाच म्हणतात?" मी विचारलं. अप्पम्मा म्हणाली, "अण्णा." आईच्याही भावाला अण्णाच म्हणायचे. तिने अप्पम्माच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अण्णाला कोलंबोला कारकुनाची नोकरी लागली होती. हजर व्हायला निघायचं, आणि बोटं काळी. त्यांच्या आईने धाकटीला बसवलं, रॉकेल आणि नारळाची शेंडी घेऊन, त्याची नखं घासायला. ती घासत होती, पण दारात मैत्रिणी हाका मारत होत्या. शेवटचं अंगठ्याचं नख राहिलं. अण्णा म्हणाला, जा तू खेळायला, आगगाडीत घासीन मी. तो गेला, आणि पाठोपाठ दक्षिणेत दंगल पेटली. तमिळ माणूस हुडकून हुडकून मारत होते. वाचलेल्यांना सरकारने जहाजात घालून कोलंबोहून जाफन्याकडे धाडलं. तिचे वडील तिला घेऊन प्रत्येक जहाजाला धक्क्यावर जायचे. माणसं उतरायची, कोणाच्या हातात पिशवी, कोणी अनवाणी. "मी सगळ्यांची नखं बघायचे," अप्पम्मा म्हणाली. जहाजं यायची थांबली. अण्णा उतरला नाही. मेल्याचंही कोणी सांगितलं नाही. पुढे ती शिकली, लग्न झालं, आणि मग एक दिवस देशाचंच नाव बदललं. श्रीलंका. तिचे वडील ओसरीवर रेडिओ ऐकत होते. ते म्हणाले, "आधी मोटारींवर लिहिलं, आता बेटावर." त्यानंतर तर काय, युद्धात दोन्हीकडची इतकी माणसं गेली की अण्णाचं नाव घ्यायलाही तिला लाज वाटायची. पण तिला अजून वाटत होतं की मारणाऱ्यांनी त्याच्या अंगठ्याचं काळं नख बघितलं असणार.

मी हे सगळं सांगून संपवलं तेव्हा आईचे डोळे वाहत होते. माझे नाही. मला भीती वाटत होती. रोज त्या कट्ट्यावर ज्याचा चहा निवायचा त्याला आता अंगठा होता.

आईने केसांतला आकडा काढला, पूजेच्या तांब्यातलं पाणी घेतलं आणि अप्पम्माचा हात आपल्या मांडीवर ओढून एकेक नख साफ करायला लागली. अप्पम्माने हात ओढून घेतला नाही. आई एक नख उकरायची, पाणी सोडायची, पदराने टिपायची, उजेडात धरून बघायची, मग पुढचं. रवी अंकलनी घड्याळाकडे पाहिलं आणि घड्याळ मनगटावर उलटं फिरवून ठेवलं. उन्हाची तिरीप पार्किंगमध्ये आली. खालचा दुकानवाला शटर उघडून आमच्याकडे बघत राहिला. शेवटी उजवा अंगठा. तो आईने इतका वेळ घासला की अप्पम्माच म्हणाली, "पुरे." आई मराठीत म्हणाली, "थांबा हो, आहे अजून जरासं." आणि अप्पम्माला ते काय कळलं, कसं कळलं, देव जाणे, ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मोठी माणसं अशी मोठ्याने रडताना मी त्याआधी पाहिली नव्हती. मग तिने स्वतःच दोन्ही हात समोर धरून पाहिले आणि म्हणाली, "चला."

वकिलातीत काचेमागे एक तरुण मुलगा होता, सिंहली. तिला बघून तो बाहेर आला, तिला खुर्ची दिली, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलला आणि अम्मा म्हणाला. ते लोकही आईला अम्माच म्हणतात, हे मला तिथे कळलं. सहीसाठी त्याने तिच्या पुढे कागद धरला, तर अप्पम्मा कागद सोडून त्याच्या बोटांकडेच बघत राहिली. मग त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, "स्वच्छ आहेत." त्याला काय कळणार. तो लाजून हसला. पासपोर्ट झाला, आरपी झाली. गाडी कितीतरी वेळा धुतली, पण पांढऱ्या रंगात कुंकू मुरलं होतं. ऊन तिरपं पडलं की बॉनेटवर फिकट गुलाबी श्री दिसायचंच. रवी अंकल गाडी नेहमी भिंतीकडे तोंड करून लावायला लागले.

त्यानंतर दोन हिवाळे अप्पम्मा आमच्यासमोर होती, आणि मला वाटलं होतं, आता असंच राहणार. मग नवा विमानतळ सुरू झाला. जुन्या धावपट्टीवर विमानं यायची थांबली. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, सुटलो बाई. आमच्या कपबश्या गप्प झाल्या आणि आईबाबांची भांडणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकू यायला लागली. अप्पम्मा संध्याकाळी कट्ट्यावर कप ठेवायची, पण चहावर लाट उठायची नाही. ती मला विचारायची, "आज काहीच नाही?" मी सांगायची की विमानं आता तिकडे, समुद्राच्या बाजूला उतरतात. ती मान हलवायची. महिनाभरात तिने रवी अंकलना सांगितलं की मला घरी जायचंय. ज्या रिकाम्या घरापासून तिला वाचवायला सगळे एवढे धावले, तिथेच. अंकल चिडले, विनवून झालं, आई जाऊन रडून आली. ती म्हणाली, "इथे आता कोणी उतरत नाही. आला तर तो घरीच येईल."

जायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला शेवटचा चहा दिला. मी मोठी झाले होते, तिच्या खांद्याच्या वर गेले होते, म्हणून विचारायचं धाडस केलं. म्हटलं, अप्पम्मा, ते नाव तुला इतकं आवडत नाही म्हणून तू सिलोन म्हणतेस ना? ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू एवढं साधं मला कळायला हवं होतं. मग म्हणाली, "अण्णा गेला तेव्हा ते सिलोन होतं. त्याला नवं नाव माहीत नाही. कुठे वाट चुकला असेल, कोणाला विचारेल, तर सिलोन कुठे असंच विचारेल ना तो? सगळ्यांनीच सांगितलं, असा देश नाही, तर तो कसा येईल?" तिने खिडकीतला कप उचलला, आणि त्या दिवशी तो बेसिनमध्ये ओतला नाही. मला दिला. मी प्यायले. थंडगार होता.

ती गेली त्याला आता फार वर्षं झाली. जाफन्याला गेली आणि चार पावसाळे तिथे एकटीच राहिली. एका सकाळी शेजारच्या गावातली भाजीवाली तिला ओसरीवर बसलेली बघून गेली आणि संध्याकाळी परतताना तशीच बसलेली पाहून जवळ गेली, असं रवी अंकलनी फोनवर सांगितलं. आई तेव्हा पुण्याला होती. तिने फोन ठेवला आणि नेलकटर घेऊन उगीचच माझी नखं कापत बसली. आम्ही गाडी घेतली तेव्हा सगळे म्हणाले, आई, तुमचं अक्षर छान आहे, श्री काढा. तिने हळदकुंकवाची पाच बोटं ओढली आणि बाजूला झाली.

चहा मी अजून तोच आणते, डब्यावर जुनं नाव असलेला. घरात बिनदुधाचा पिणारी मी एकटीच. मुलगी आता माझ्या त्या वयाची आहे. परवा तिने डबा हातात घेऊन वाचला आणि विचारलं, "आई, सिलोन म्हणजे कुठे?" मी बोलायला गेले आणि वरून विमान आलं, म्हणून थांबले. तोवर तिने फोनमध्ये शोधलंसुद्धा. म्हणाली, "अगं, श्रीलंका. सिलोन असा काही देशच नाही आता." विमान लोहगावला उतरलं. मी आवाज पुरता विरेपर्यंत थांबले, आणि मग खिडकीकडे बघत, जरा मोठ्यानेच, म्हटलं, "आहे. असा देश आहे."